नवीन घरात टेलिफोनचे पाच पॉइंट काढलेत, पण जोडायचे कसे? (सातारा)

गोडोलीकर · सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. आधीच सांगतो, विषय लँडलाइनचा आहे, हसून घ्या आणि मग वाचा.

गोडोलीत जुनं घर पाडून त्याच जागेवर नवीन बांधलं, वास्तुशांत होऊन तीन आठवडे झालेत. आबांना मोबाइलवर नीट ऐकू येत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि सगळ्या पाव्हण्यांकडं गेली तीस वर्षं आमचा एकच नंबर आहे, त्यामुळं तो नंबर फायबरवर घेतला, नंबर तसाच राहिला. घर बांधतानाच पाच ठिकाणी टेलिफोनचे पॉइंट काढून घेतले होते, हॉल, आबांची खोली, स्वयंपाकघर, वर आमची बेडरूम आणि पोरांची अभ्यासाची खोली. वायरमननं वायरी ओढल्या, प्लेटा बसवल्या, शेवटचा हप्ता घेतला आणि आता त्यो फोन उचलत नाही.

जिन्याखाली एक बॉक्स ठेवलाय त्यात चार वायरी लोंबकळतायत, प्रत्येक वायरीत चार तारा, निळी, नारिंगी आणि दोन पांढऱ्या. फायबरवाल्यानं त्याचा डबा तिथंच शेजारी बसवला, डब्याच्या मागं फोनचं एक भोक आहे, त्याला थेट फोन लावला तर झकास चालतोय. पण तो बसवायला आलेलं पोरगं म्हणालं घरातल्या वायरिंगचं आमच्याकडं नसतं. आता या चारही वायरी एकत्र पिळून त्या भोकात घातल्या तर चालतील का? आणि पाच पॉइंटला चारच वायरी कशा, हा हिशोब काय लागंना.

चिवट_भडंग · सोमवार, रात्री ९:५२

२०० रुपयांचा कॉर्डलेस घ्या जुन्या बाजारात, विषय संपला. पाच पॉइंट काय करायचेत, मिलिटरी कँप आहे काय.

वेण्णाकाठची · सोमवार, रात्री १०:०५

@चिवट_भडंग आमच्याकडं कॉर्डलेसचा हँडसेट दर दोन दिवसांनी सोफ्याच्या फटीत सापडतो, चार्जिंग संपलेला. म्हाताऱ्या माणसांना भिंतीवरचा फोनच बरा, जाग्यावर तरी असतो.

निवृत्त_जोडारी · मंगळवार, सकाळी ६:३०

गोडोलीकर, पिळू नका. अजिबात पिळू नका. टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात माझी हयात गेली म्हणून हक्कानं सांगतोय.

तुमचा हिशोब साधा आहे. दोन-दोन पॉइंट एका वायरीवर लूप केलेले असणार, म्हणजे हॉलमधून पुढं आबांची खोली, बेडरूममधून पुढं अभ्यासाची खोली, स्वयंपाकघराची एक वेगळी. झाल्या तीन. मग चौथी कुठं जाते? जुन्या घरात फोन होता ना तुमचा? मग माझा अंदाज असा की चौथी बाहेर गेटकडं किंवा पोर्चकडं जाते आणि तिथं खांबावरून आलेली जुनी तांब्याची ड्रॉप वायर तिला जोडलेली आहे. ती जर ह्या फायबरच्या डब्याला जोडली तर डबा आपल्याकडून घरात लाइनचा करंट सोडणार आणि बाहेरची जोडी एक्स्चेंजपर्यंत तशीच असली तर तिकडून पण ४८ व्होल्ट यायचे, दोन्ही समोरासमोर. डबा जळायला तेवढं पुरतं. आणि ते नसलं तरी खांबावरची तार म्हणजे विजेला घरात यायचं आवतणच, आपल्याकडचा वळीव माहीत आहे.

तर आधी चौथी कुठली ते शोधा. मल्टिमीटर आहे का?

गोडोलीकर · मंगळवार, सकाळी ८:१५

काका मीटर आहे, पोराच्या प्रोजेक्टसाठी घेतला होता. बीप वाजतो तेवढं येतं.

निवृत्त_जोडारी · मंगळवार, सकाळी ८:४०

बीप येतो म्हणजे पुष्कळ झालं. कशालाच फोन लावलेला नको, डब्याची वायर पण काढा. पहिल्यांदा चारही वायरींच्या निळी-पांढरीवर मीटर डीसी २०० ला ठेवून व्होल्ट बघा, कुठं ५० च्या आसपास दिसले तर ती बाहेरची आणि जिवंत आहे, लगेच बाजूला करा. घंटी वाजत असताना त्या तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, ओल्या हातानं धरली तर चांगला झटका बसतो, मरत नाही माणूस पण शिडीवरून पडतो.

व्होल्ट कुठंच नसले तर बॉक्समध्ये एका वायरीची निळी आणि तिच्या जोडीची पांढरी उघड्या टोकाला एकत्र करा आणि प्रत्येक सॉकेटला जाऊन बीप बघा. जिथं बीप ती वायर तिथली. चिकटपट्टीवर नाव लिहून गुंडाळा, पेननं, स्केचपेन पुसतं. ०.५ मिमीची तांब्याची तार असते, २० मीटर गेली आणि परत आली तर साडेतीन-चार ओहम दाखवेल. पन्नास-शंभर दाखवला तर मधे कुठंतरी जोड सैल आहे.

एक लक्षात ठेवा, दोन्ही पांढऱ्या सारख्याच दिसतात. जी निळीबरोबर पिळलेली ती निळीची. पीळ पूर्ण उकलला की कुठली कोणाची ते ब्रह्मदेवाला पण कळत नाही, म्हणून टोकाला बोटभरच उकला.

कॅट_सहा · मंगळवार, दुपारी १२:२०

माझं मत थोडं वेगळं. नवीन घरात टेलिफोनची दोन जोडीवाली वायर घालायचीच कशाला, सगळीकडं कॅट-६, म्हणजे नेटची वायर, घालायची. फोनची आरजे-११ पिन नेटच्या आरजे-४५ सॉकेटमध्ये बसते आणि मधल्या दोन पिना निळ्या जोडीवरच येतात, म्हणजे आज फोन चालवा, उद्या तोच पॉइंट नेटला वापरा. मी विश्रामबागला असंच केलंय.

वायरमन_कराड · मंगळवार, दुपारी १:१०

@कॅट_सहा बसते पण बळंच बसते साहेब. कडेच्या दोन पिना, पहिली आणि आठवी, दाबल्या जातात आणि नंतर त्याच सॉकेटला नेटची पिन लावली की कनेक्शन येतं-जातं. मी तीन घरात बघितलंय. फोनचा पॉइंट असेल तर आरजे-११ चंच मॉड्यूल, म्हणजे प्लेटीत बसतं ते सॉकेट, लावा, मागची वायर कॅट-६ ठेवा, हे बेस्ट.

आणि धागाकर्ते, एक विचारतो, टेलिफोनची वायर आणि लाइटची वायर एकाच पाइपातून तर नाही ना घेतली? लय जण घेतात, पाइप वाचतो म्हणून. मग फोनवर घूं घूं आवाज येतो, आणि उद्या लाइटच्या वायरीचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट टेलिफोनच्या प्लेटवर. पाइप वेगळाच पायजे.

गोडोलीकर · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

पाइप वेगळा आहे, झिरी मारताना मी स्वतः उभा होतो, फोटो पण काढून ठेवलेत प्लॅस्टरच्या आधी. (ज्यांची घरं चालू आहेत त्यांनी एवढं कराच, टेप भिंतीला लावून फोटो काढा, नंतर खिळा कुठं मारायचा नाही ते कळतं.)

जोडारी काका, पाय धरायला पाहिजेत तुमचे. तीन वायरींचा बीप सापडला, तुम्ही सांगितलं तस्संच, हॉलची वायर हॉल, वरची बेडरूम, एक स्वयंपाकघर. चौथीचा बीप घरात कुठंच नाही. मग आबांनीच सांगितलं, पोर्चच्या दिव्याच्या बाजूला खात्याचा पांढरा चौकोनी डबा होता, गिलावा करताना गवंड्यानं त्याच जागी परत बसवला. टोपण उघडलं तर आत मुंग्यांचं घर आणि खांबावरची काळी वायर अजून जोडलेली. व्होल्ट शून्य. पण जोडलेली ती जोडलेलीच.

निवृत्त_जोडारी · मंगळवार, रात्री ८:०५

त्याला रोझेट म्हणतात. घरातली चौथी वायर त्यातून सोडवा, जिन्याखालच्या बॉक्समध्ये तिची टोकं टेप लावून बाजूला ठेवा, कापू नका, उद्या गेटला बेल किंवा दाराचा फोन बसवायचा झाला तर पाइपासकट तयार वायर आहे. खांबावरची काळी वायर मात्र खात्याची, ती तुम्ही तोडू नका, त्यांना कळवा, काढून नेतील.

हळदीची_पेठ · मंगळवार, रात्री ९:००

सांगलीकरांसाठी एक अवांतर. कृष्णाकाठच्या भागात नवीन घर बांधत असाल तर तळमजल्यावर टेलिफोनचे आणि नेटचे पॉइंट नेहमीसारखे फूटभरावर घेऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या हॉलमध्ये कमरेएवढं होतं. पाणी ओसरल्यावर लाइटचे बोर्ड वाळवून चालू झाले पण टेलिफोनची सगळी सॉकेट आतून हिरवीगार, तांब्याला गंज चढून. तारा पण पाइपात इंच-दोन इंच पाणी पिऊन बसल्या होत्या, ओढून काढल्या तर चिखल आला. दुरुस्तीत जोडबॉक्स आणि फायबरचा डबा थेट जिन्याच्या वरच्या टप्प्यावर नेला आणि वायरी वरून खाली सोडल्या. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा खालची दोन सॉकेट गेली, वरचा मजला बोलत राहिला.

चिवट_भडंग · मंगळवार, रात्री ९:१५

हे मात्र पटलं. कालची मस्करी मागं घेतो.

गोडोलीकर · बुधवार, रात्री १०:३०

मंडळी, अडकलो.

काकांचं ऐकून एकेक करून जोडायला घेतलं. बाजारातून टेलिफोनची तयार कॉर्ड आणली, एक टोक डब्याच्या भोकात, दुसरं टोक कापून त्यातल्या मधल्या दोन तारा हॉलच्या वायरीच्या निळी-पांढरीला जोडल्या. हॉलमध्ये फोन लावला. डेड. आबांच्या खोलीत फोन लावला. डेड. म्हटलं वायर तुटली. पण काल बीप तर आला होता हॉलमध्ये!

आता खरी गंमत ऐका. दोन्हीकडं फोन लावून ठेवले होते. मी हॉलमधला उचलून कानाला लावलेला, काहीच नाही, आणि तेवढ्यात आबांनी त्यांच्या खोलीतला उचलला, तर दोघांनाही डायल टोन! बारीक, लांबून आल्यासारखा, पण टोन. त्यांनी ठेवला की माझा पण मेला. मी ठेवला की त्यांचा मेला. मोबाइलवरून रिंग दिली तर दोन्हीकडं कण्हल्यासारखी घंटी. बायको म्हणते घराची वास्तुशांत नीट झाली नाही.

कॅट_सहा · बुधवार, रात्री १०:४१

डब्याची क्षमता कमी पडत असेल, दोन फोनची घंटी ओढत नसेल.

वायरमन_कराड · बुधवार, रात्री १०:५०

तसं असतं तर एक फोन तरी चालला असता की साहेब. हे सिरीजमध्ये झालंय, म्हणजे एकाच वाटेत एकामागं एक. गोडोलीकर, हॉलची प्लेट खोला आणि मागचा फोटो टाका.

निवृत्त_जोडारी · गुरुवार, सकाळी ६:१०

वायरमन बरोबर बोलले. फोटो यायच्या आधीच सांगतो आत काय दिसेल ते. मॉड्यूलच्या एका स्क्रूला येणारी निळी, दुसऱ्या स्क्रूला पुढं जाणारी निळी, आणि दोन्ही पांढऱ्या एकमेकींना पिळून टेप मारून मागं कोंबलेल्या.

गोडोलीकर · गुरुवार, सकाळी ७:४५

काका!! प्लेटीचे दोन स्क्रू काढले, टोचा घालून पुढं ओढली. अगदी तसंच. एक निळी डावीकडं, एक निळी उजवीकडं, आणि मागं पांढऱ्यांचा गठ्ठा काळ्या टेपमध्ये, टेप इतकी घट्ट की नखानं सुटेना. आणि नारिंगी जोडी मुळासकट कापून टाकलेली. तुम्हाला कसं कळलं?

वायरमन_कराड · गुरुवार, सकाळी ८:२०

आमच्या धंद्यातली पहिली सवय आहे ती दादा. लाइटचा बोर्ड भरताना पोरगं काय शिकतं, फेज तोडायची आणि स्विचमधून घ्यायची, न्यूट्रल सरळ पुढं सोडायचं. त्याला टेलिफोनची प्लेट दिली, त्यानं तिचा पण स्विच केला. मग हॉलचा फोन हा आबांच्या फोनच्या वाटेतला स्विचच झाला ना, हा उचलला तरच त्यो चालू. सॉकेट रिकामं असलं तर वाट तुटलेलीच. घरमालकाला वाटतं वायर तुटली आणि परत भिंत फोडतात.

फोनला स्विचसारखं नाही, प्लगच्या पॉइंटसारखं जोडायचं, पॅरलल. दोन्ही निळ्या एका स्क्रूखाली, दोन्ही पांढऱ्या दुसऱ्या स्क्रूखाली. झालं.

वेण्णाकाठची · गुरुवार, सकाळी ९:३०

पण मग परवा बॉक्समधून बीप हॉलमध्ये कसा आला? वाट तुटलेली असेल तर यायला नको ना? मला इथं शंका आहे.

निवृत्त_जोडारी · गुरुवार, सकाळी १०:००

चांगली शंका. ताई, बीप कसा घेतला ते विचारा त्यांना.

गोडोलीकर · गुरुवार, दुपारी १:५०

कबूल करतो. हॉलमध्ये मॉड्यूल पुढून बघायला पिना बारीक, मीटरचा टोचा आत जाईना, म्हणून प्लेट सैल करून मागं हात घालून एक टोचा डाव्या निळीवर आणि एक त्या पांढऱ्यांच्या गठ्ठ्यातल्या उघड्या टोकावर लावला होता. तेव्हा सगळं समोरच होतं, बघितलंच नाही. सॉकेटच्या पुढून तपासलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

निवृत्त_जोडारी · गुरुवार, दुपारी २:१५

म्हणूनच आमच्याकडं तपासणी नेहमी फोन लावूनच. मीटर जोड आहे का ते सांगतो, फोन तो बरोबर ठिकाणी आहे का ते सांगतो. आता वरच्या बेडरूमची प्लेट पण खोला, तिथं पण हेच असणार, हात तोच आहे. आणि जोडून झालं की बाकी सगळी सॉकेट रिकामी ठेवून प्रत्येक सॉकेटला व्होल्ट बघा, सगळीकडं सारखेच यायला पाहिजेत. मग एकेक फोन वाढवत जा.

बॉक्समधल्या जोडाला पिळून टेप नको. छोट्या स्क्रूची कनेक्टर पट्टी मिळते, बारा खणांची, त्यातल्या दोन रांगा घ्या. डब्याकडून आलेली निळी एका बाजूला, तिन्ही निळ्या दुसऱ्या बाजूला छोट्या तुकड्यांनी उड्या मारून, पांढऱ्यांचं तसंच. कुठला पॉइंट बंद ठेवायचा झाला तर एक स्क्रू सैल केला की काम झालं.

हळदीची_पेठ · गुरुवार, दुपारी ३:००

आणि डब्याला छोटा यूपीएस घ्या. आधीची तांब्याची लाइन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायची म्हणून लाइट गेली तरी फोन चालू असायचा, फायबरचं तसं नाही, घरातली लाइट गेली की डबा बंद आणि फोन बंद. डब्याच्या अडॅप्टरवर व्होल्ट लिहिलेले असतात, बहुतेक १२, तेवढ्याचाच यूपीएस बघून घ्या.

गोडोलीकर · शनिवार, सकाळी ११:१०

झालं!! पाचही चालू. बेडरूमची प्लेट खोलली, हेच कांड. दोन्ही दुरुस्त केल्या, पट्टी बसवली, प्रत्येक वायरीला नावाची चिठ्ठी. रिकाम्या सॉकेटला पाचही ठिकाणी ४७ च्या आसपास व्होल्ट. घंटीला मात्र पाच फोन एकदम लावले की आवाज दमतो, जुना लोखंडी घंटीचा फोन आबांनी हट्टानं ठेवलाय त्याचा परिणाम असेल. अभ्यासाच्या खोलीतल्या फोनची घंटी बंद केली, बाकी चार खणखणीत.

एक राहिलं, आबा मोबाइल नंबर लावतात तो लागत नाही म्हणून ओरडत होते. पुढं शून्य लावावा लागतो हे त्यांना परत सांगितलं.

वायरमन_कराड · शनिवार, सकाळी ११:३०

१५ जानेवारी २०२१ पासून आहे ते, लँडलाइनवरून मोबाइलला पुढं शून्य. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनवर चिकटवा.

बाकी त्या वायरमन पोराला फोन करून सांगा राव शिव्या न देता. मी पण पहिल्या वर्षी असंच केलं होतं, मलकापूरला एका बंगल्यात.

गोडोलीकर · रविवार, रात्री ९:२०

सांगितलं, आला होता तो आज, चहा पिऊन बघून गेला, म्हणाला हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. नारिंगी जोड्या कापल्याबद्दल मात्र काही बोलला नाही.

आता नवीन प्रश्न, आणि हा बायकोच्या वतीनं. ती स्वयंपाकघरातून माहेरी बोलत असते तेव्हा मधेच आवाज बारीक होतो. दोनदा झालं. वायरिंग परत तपासलं, स्क्रू घट्ट आहेत, व्होल्ट बरोबर.

निवृत्त_जोडारी · रविवार, रात्री ९:४५

सगळे पॉइंट पॅरलल आहेत ना आता, म्हणजे एकावर बोलणं चालू असताना दुसरा उचलला की करंट वाटला जातो आणि आवाज बारीक होतो. कोणीतरी दुसरीकडं उचलतंय.

गोडोलीकर · रविवार, रात्री १०:३०

आत्ता जाऊन बघितलं. आबा खोलीत, दिवा बंद, कानाला फोन, तोंडावर हात. ज्यांना मोबाइलवर ऐकू येत नाही ते.

वेण्णाकाठची · रविवार, रात्री १०:३४

😂😂 स्क्रू सैल करा आबांचा. बॉक्समधला म्हणतेय.